फुईचं पासबुक, फुईचं घर आणि प्रांत कार्यालय

घरातल्याच माणसाने म्हाताऱ्या बाईचे पैसे खाल्ले तर दाद कुठे मागायची, असं आमच्याकडे कुणालाही विचारा. भाऊबंदकीतली चार माणसं बसवा म्हणतील. फार झालं तर पोलिसात जा म्हणतील. जमिनीचा विषय असेल तर "कोर्टात जा, निकाल नातवंडं ऐकतील" असं म्हणून हसतील. प्रांत कार्यालयाचं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं, नाव कुणी घेत नाही. 2025 च्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) दिवाळी उलटेपर्यंत मी माझ्या फुईला घेऊन याच कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. काही मिळालं, काही मिळालं नाही. कुणाला उपयोग झाला तर व्हावा, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, वय 76. बोरी नदीच्या काठच्या एका गावात दिलेली. फुवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मूलबाळ झालं नाही. फुवा 2020 च्या पावसाळ्यात गेले आणि त्यांचा पुतण्या, म्हणजे फुईच्या दिराचा मुलगा, बायकापोरांसह फुईकडे राहायला आला. एकट्या बाईला सोबत झाली म्हणून आम्ही माहेरचे निर्धास्त झालो. पुढच्या वर्षी फुईने राहतं घर आणि पावणेदोन एकर कोरडवाहू वावर त्याच्या नावावर करून दिलं. तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. तिचं होतं, तिने दिलं.

आखाजीला, 30 एप्रिलला, फुई माहेरी आली. एका डोळ्यात मोतीबिंदू पार पिकलेला. ऑपरेशन का करत नाही विचारलं तर म्हणाली, पैसे नाहीत, तो म्हणतो पेन्शन औषधातच जाते. फुवांच्या मागे तिला दरमहा चौदा हजारांच्या वर कुटुंबनिवृत्तिवेतन येतं. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तिला औषध नाही. संध्याकाळी तिने मला बाजूला घेऊन मिसरीच्या डबीसाठी पन्नास रुपये मागितले. मास्तरांची बायको, ज्या घरातून आम्ही लहानपणी सुट्टीला दहा-दहा रुपये घेऊन यायचो, तिथली बाई मिसरीला पैसे मागते आहे. एटीएम कार्ड कुठे आहे? त्याच्याकडे. पासबुक? त्याच्याकडे. बँकेत मोबाइल नंबर कुणाचा? त्याचाच.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत गेलो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: खातेदार स्वतः समोर उभा असेल तर बँकेला बाकी कुणाला विचारायची गरज नसते. मी तोंड उघडलं की काउंटरवरचा माणूस "तुम्ही कोण?" विचारायचा. फुई बोलली की काम पुढे सरकायचं. जुनं कार्ड बंद करा, मोबाइल नंबर बदला, नवीन पासबुक द्या आणि तीन वर्षांचं स्टेटमेंट द्या, असा एकच साधा अर्ज केला. त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. स्टेटमेंटला थोडे पैसे पडले, पण पुढे सगळं प्रकरण त्या कागदावर उभं राहिलं.

स्टेटमेंट घरी आणून मी पेन्सिलीने खुणा केल्या. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एटीएममधून दहा हजार. दोन-तीन दिवसांत उरलेले. काही महिन्यांत आधारवर अंगठा लावून काढलेल्या रकमा, म्हणजे गावातल्या बँक मित्राच्या मशीनवर. फुईला विचारलं तर म्हणाली, रेशनसाठी अंगठा पाहिजे म्हणून तो घेऊन जायचा. आणि 2023 मध्ये फुवांची दोन लाखांची मुदत ठेव मोडलेली, तिच्याच सहीने.

म्हणून आधारचंही काम करावं लागलं. आधार केंद्रावर मोबाइल नंबर बदलायचे 50 रुपये घेतले. फुईचे अंगठे कापूस वेचून वेचून गुळगुळीत झालेले, मशीन काही केल्या वाचेना. (पैसे काढताना बरे वाचले जायचे.) शेवटी चांगल्या डोळ्याच्या बुबुळावर काम झालं. नंबर बदलल्यावर आधारच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक लॉक करता येतं. त्यानंतर अंगठा लावून कुणी पैसे काढू शकत नाही. पण मग रेशन दुकानातही अंगठा चालत नाही. धान्य घ्यायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडून पुन्हा बंद करावं लागतं.

पुढचा प्रश्न घराचा आणि वावराचा. फुई म्हणायची, "एकच कागद व्हता." नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधता येतात. तिथे सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, एकाच दिवशीचे दोन दस्त दिसले. मग दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात अर्ज करून दोन्हींच्या प्रमाणित नकला घेतल्या. सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत मिळाला, घराचा नमुना आठ, म्हणजे घराची नोंद, ग्रामपंचायतीतून. दोन्हीवर पुतण्याचं नाव.

नकला हातात आल्यावर मी त्या तिथल्याच बाकावर बसून वाचल्या. घराच्या बक्षीसपत्रात तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं: लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा त्यांचे हयातीपर्यंत अन्न, वस्त्र, औषधपाणी व राहण्याची सोय करून सांभाळ करावयाचा आहे व सदर अटीवर सदरचे बक्षीसपत्र करून दिले आहे. वावराच्या दस्तात हे वाक्य नव्हतं. तिथे नुसतं प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता. खाली त्याच शाईतली फुईची तीच थरथरती सही. त्या एका वाक्याची किंमत मला पुढे चार महिन्यांनी कळली.

मग सल्ल्यांची फेरी. गावाकडच्या पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण "घरगुती मॅटर आहे, समजुतीने घ्या" हेही ऐकवलं. अर्जाची पोच मात्र मी सोडली नाही. ठेव मोडून पैसे स्वतः वापरणं हा विश्वासघात ठरू शकतो, भारतीय न्याय संहितेत त्याला कलम 316 आहे. त्या अर्जावर चौकशी अजून चालूच आहे. तहसीलच्या आवारातल्या एका अर्जवाल्याने सांगितलं की ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पोटच्या पोरांसाठी आहे, पुतण्याला लागत नाही, पण पंधरा हजारात तो "जमवून देईल". तिथून उठलो.

त्या रात्री 14567 वर फोन लावला. ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन, एल्डरलाइन. ती सकाळी आठ ते रात्री आठ चालते, आम्ही पावणेआठला लावला. पलीकडची मुलगी घाई न करता ऐकत होती, आणि आधी फुईशी बोलली, नंतर माझ्याशी. तिने कायद्याचं पूर्ण नाव लिहून घ्यायला लावलं: आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, 2007. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या प्रांतांकडे, कारण या कायद्याखाली तेच निर्वाह न्यायाधिकरण असतात. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. बाईला तिथे वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. त्यांचा नंबर 15100.

विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी दोन्ही दस्त वाचले, चष्मा वर केला आणि मला चार गोष्टी सांगितल्या. मूल नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारसाने जाणार आहे, त्याच्यावरही सांभाळाची जबाबदारी येते, तेव्हा पुतण्या सुटत नाही. दुसरं, कलम 23. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं धरून न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकतं. घेणारा मुलगाच असावा असंही नाही. तिसरं, कलम 17 प्रमाणे न्यायाधिकरणासमोर वकील उभे राहत नाहीत. त्या अर्ज तपासून देतील, आत मात्र फुईला स्वतः बोलावं लागेल. चौथी गोष्ट त्यांनी जरा थांबून सांगितली. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा प्रकरणात म्हटलंय की कलम 23 साठी हस्तांतरण सांभाळाच्या अटीवर झालंय हे दाखवावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा असं सांगून आईने दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं, पण तिथे अट कागदावर होती. "घराचं होईल असं वाटतं," त्या म्हणाल्या, "वावराचं सांगता येत नाही."

अर्ज लिहायला बसलो तेव्हा खरी अडचण आली. माझ्या डोक्यात मागण्या तयार होत्या: त्याला घराबाहेर काढा, घर द्या, वावर द्या, सगळे पैसे वसूल करा. फुईला विचारलं, तर ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पोरांचं काय, म्हणाली. पुतण्याची दोन पोरं शाळेत आहेत, धाकटी हिच्याजवळच झोपते. तिला त्याला बाहेर काढायचं नव्हतंच. अर्ज तिचा होता, म्हणून मागण्याही तिच्याच गेल्या: घर परत तिच्या नावे, मागच्या दोन खोल्या तिच्या एकटीच्या ताब्यात, बँकेच्या व्यवहारात त्याने पडू नये, वावराचा दस्त रद्द, आणि औषधपाण्याला काहीतरी रक्कम. हे सगळं सुटं सुटं लिहिलं, तारखा आणि रकमा घालून. 'छळ करतो' असलं मोघम वाक्य वकीलबाईंनी सगळीकडून खोडलं. त्याऐवजी 'अमुक महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनला पैसे नाहीत असे सांगितले, त्याच महिन्यात खात्यातून अमुक रक्कम काढली' असं.

सोबत जोडलं ते असं: आधार, वयाचा पुरावा, पेन्शनचा आदेश, तीन वर्षांचं स्टेटमेंट, दोन्ही दस्तांच्या नकला, सातबारा, नमुना आठ, डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, पोलिसांकडच्या अर्जाची पोच आणि फुईने मला दिलेलं अधिकारपत्र. ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करू शकत नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती करू शकते. फुई करू शकत होती, पण पुढे आजारी पडली तर म्हणून ते पत्र ठेवलं. अर्जाला आमच्याकडून फी घेतली नाही. टायपिंग, झेरॉक्स, दस्तांच्या नकला, स्टेटमेंट असं मिळून दोन हजारांच्या आत सगळं आटोपलं. एसटीत फुई 75 च्या वर म्हणून फुकट, मी अर्ध्या तिकिटात. सगळ्या कागदांचे तीन संच करा. एक कार्यालयाला, एक समोरच्याला, एक स्वतःला.

अर्ज मे महिन्याच्या अखेरीस आवक विभागात दिला. कुठे अर्ज करायचा यात थोडी सवड असते: ज्येष्ठ नागरिक जिथे राहतो किंवा शेवटचा राहत होता, किंवा नातेवाईक जिथे राहतो, तिथल्या न्यायाधिकरणाकडे जाता येतं. फुई तेव्हा माझ्याकडे जळगावला होती, डोळ्याचं करून घेतलं होतं. तरी आम्ही तिच्या गावाच्या उपविभागातच अर्ज केला. तलाठी, ग्रामपंचायत, सगळं रेकॉर्ड तिथलंच आहे, आणि तिला राहायचंही तिथेच होतं.

मग काहीच झालं नाही. जून उजाडला, मृग लागला, लोक कपाशीच्या लागवडीला लागले. टेबलावरचा कारकून रोज एकच सांगायचा, नोटीस निघेल. तक्रारीच्या सुरात बोलायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आवक क्रमांक आणि तारीख घातलेलं एक स्मरणपत्र दिलं, त्यात कायद्यातली एक ओळ टाकली: नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो, अपवादात्मक कारण असेल तर एकदाच 30 दिवस वाढतात. घड्याळ नोटीस बजावल्यापासून चालतं, अर्ज दिल्यापासून नाही, म्हणून नोटीस लवकर निघणं महत्त्वाचं. जूनच्या मध्यावर ती निघाली.

नोटीस गेल्यावर गाव तापलं. फुईच्या जावेचा फोन, दिराचा फोन, मग मला फोन. भाचीला वावर पाहिजे म्हणून ती म्हातारीला नाचवते. पुतण्याने लेखी उत्तर दिलं त्यातही हेच होतं: अर्जदार वयोवृद्ध असून भाचीच्या सांगण्यावरून अर्ज केला आहे, पेन्शन अर्जदाराच्याच घरखर्चाला लागते, दोन्ही दस्त राजीखुशीने झालेले आहेत. तुम्ही कुणा ज्येष्ठासाठी उभे राहणार असाल तर हे वाक्य येणारच, त्याची तयारी ठेवा. मी काही प्रत्युत्तर दिलं नाही. घर किंवा जमीन यात माझा कोणताही हक्क नाही व मी मागत नाही, एवढं एक प्रतिज्ञापत्र करून जोडलं.

पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या तारखेला प्रकरण सुलह अधिकाऱ्याकडे गेलं. सुनावणीआधी समेटासाठी पाठवण्याची सोय कायद्यातच आहे, आणि त्यांना महिन्याभरात निष्कर्ष द्यायचा असतो. आमचे सुलह अधिकारी निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, "शेवटी घर एक आहे" म्हणाले. पुतण्या म्हणाला, कार्ड मी ठेवत नाही, खर्चाला महिन्याला दोन हजार देतो. तिच्याच पेन्शनमधून! फुई काही बोलली नाही. अधिकाऱ्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला एकटीला विचारलं. वीसेक मिनिटांनी ती बाहेर आली, तोंडावरून काही कळेना. समेट झाला नाही असा अहवाल गेला. ज्येष्ठाला एकटं विचारणं हा त्या पूर्ण प्रक्रियेतला मला सगळ्यात आवडलेला भाग. तिथे माझीही अडचण होऊ शकली असती.

त्या बाकांवर भेटलेल्या माणसांबद्दल थोडं. एक काका आपल्या मतिमंद भावाच्या हिश्शाचं भाडं दुसरा भाऊ खातो म्हणून आले होते. भाऊ पंचेचाळिशीचा, म्हणजे ज्येष्ठ नागरिक नाही. त्यांना तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात पाठवलं: 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समिती अशा प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमून देते. एका आजींना मुलगा आणि सून दोघांनाही घराबाहेर काढायचं होतं. त्यांना सांगितलं गेलं की सुनेचा राहत्या घरातला हक्क कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात वेगळा आहे, दोन्ही कायदे सोबत वाचावे लागतात. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तसं म्हटलंय. सून चांगली आहे की वाईट हा प्रश्न तिथे येत नाही.

सुनावणी श्रावणात, कानबाईचा सण होऊन गेल्यावर. प्रांत साहेब तरुण, टेबलावर फायलींचा ढीग. त्यांनी मला आणि पुतण्याला दोघांनाही हाताने थांबवलं आणि फुईला विचारलं, आजी, तुम्हाला नेमकं काय पाहिजे? फुई मराठी बोलू शकते, मास्तरांच्या घरात उभं आयुष्य गेलंय. पण त्या दिवशी तिच्या तोंडून अहिराणीच आली. "साहेब, मन्हं पासबुक मन्हा हातमा जोयजे. आनि खोलीले मधून कडी जोयजे. त्याले उपाशी मारानं नही माले." साहेबांनी हसून टंकलेखकाला ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं, खाली मराठीत: माझं पासबुक माझ्या हातात पाहिजे, खोलीला आतून कडी पाहिजे, त्याला उपाशी मारायचं नाही मला.

मग त्यांनी पुतण्याला स्टेटमेंटवरची एकेक रक्कम विचारली. ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणालास त्या महिन्यातले दहा हजार कुठे गेले? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तो खलनायक दिसतही नव्हता. खताचं कर्ज, पोराची फी, मोटरसायकलचा हप्ता अशा कोंडीत सापडलेला माणूस, ज्याला एक तयार पेन्शन हाताशी मिळाली होती. मला माणूस म्हणून त्याची कीव आली. अर्ज मागे घ्यावा असं मात्र वाटलं नाही.

मला प्रश्न एकच आला: यांना पेन्शन आहे, मग निर्वाहभत्ता कशासाठी? हा प्रश्न रास्त होता. कायद्यात भत्ता मागणाऱ्याने स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मालमत्तेतून गुजराण करता येत नाही हे दाखवावं लागतं, आणि न्यायाधिकरण जास्तीत जास्त दरमहा दहा हजारांपर्यंत देऊ शकतं. कलम 23 ला मात्र गरिबीची अट नाही. म्हणून ज्यांना पेन्शन आहे त्यांनी मालमत्तेच्या मागणीवर जोर द्यावा, भत्त्याच्या मागणीत वेळ घालवू नये, असं माझं आता मत आहे.

पोळ्यानंतर आदेश झाला, सही-शिक्क्याची प्रत सप्टेंबरच्या मध्यावर मिळाली. घराचं बक्षीसपत्र रद्दबातल. घर फुईचं, मागच्या दोन खोल्या तिच्या ताब्यात, पुतण्या पुढच्या भागात फुईची संमती असेपर्यंत राहू शकतो. बँकेचे कागद, कार्ड, पेन्शनचं पुस्तक तीन दिवसांत तिच्या स्वाधीन करावं. भत्त्याची मागणी नामंजूर. वावराच्या दस्तात सांभाळाची अट नमूद नाही, सबब ती मागणी नामंजूर, अर्जदारास दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची मुभा. ज्या वाक्यावर घर आलं, त्याच वाक्याच्या नसण्यावर वावर गेलं. अपील जिल्हा पातळीवरच्या अपील न्यायाधिकरणाकडे 60 दिवसांत करता येतं. वावरासाठी आम्ही ते केलं नाही, त्याचं कारण खाली सांगते. पुतण्यानेही आदेशाला आव्हान दिलं नाही.

आदेश हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत ग्रामपंचायतीत द्यावी लागली. पूर्वीचे ग्रामसेवक, आता ग्रामपंचायत अधिकारी. त्यांनी आधी वरून मार्गदर्शन मागवतो म्हटलं, मग मासिक सभेपुढे ठेवतो म्हटलं. दुसरी प्रत दुय्यम निबंधकांना, तिसरी बँकेला. नमुना आठवर फुईचं नाव लागायला दिवाळी उलटली. आदेशाच्या चार तरी प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्या, पुन्हा नक्कल मिळवताना फार वेळ जातो.

वावराचं असं. फुई सांगते की त्या दिवशी तिला घराच्याच कागदाची दुसरी प्रत म्हणून सही करायला लावली. वकीलबाईंच्या मते हा मुद्दा प्रांतांसमोर टिकणारा नाही. तिथे संक्षिप्त चौकशी असते, साक्षी-उलटतपासणी नीट होत नाही. फसवून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायला दिवाणी दावा लागतो, आणि त्याला फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. आम्हाला दुसरा दस्त मे 2025 मध्ये दिसला. म्हणून नक्कल घेतल्याची पावती जपून ठेवली आहे, तारीख त्यावरच आहे. दावा विधी सेवेमार्फतच दाखल झाला. इथे वकील उभे राहू शकतात, म्हणजे फुईला दर तारखेला जायची गरज नाही.

घरात आता दोन चुली आहेत. पुतण्याची बायको फुईशी बोलत नाही, धाकटी पोरगी मात्र झोपायला मागच्या खोलीतच येते. मधून कडी लावली आहे, गावातल्याच सुताराने अडीचशे रुपयांत बसवली. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी फुई यंदा मला घेऊन बँकेत गेली. खात्यात मोबाइल नंबर आता तिचा आहे, साधा बटणांचा फोन. जमा झाल्याचा मेसेज आला की ती शेजारच्या पोराकडून वाचून घेते, पण फोन त्याच्या हातात देत नाही. समोर धरते. ठेवीचे दोन लाख परत येतील असं मला वाटत नाही, आणि तिला मी तसं सांगितलंही आहे. वावराच्या दाव्यात पुतण्याचं म्हणणं अजून दाखल व्हायचं आहे, आणि यंदाची कपाशी त्यानेच वेचून नेली.